चार जॅक आणि पाचवी मागणी

अन्याय झाला तो माझ्या घरमालकांवर. पौषातला मंगळवार, सकाळचे पावणेअकरा, गाड्यांच्या पासिंगचं मैदान. इतकं नेमकं सांगते, कारण ज्यांनी मला पत्रकं लिहायला शिकवलं त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, की कुणावर, कधी, कुठं आणि कुणी केला एवढं आधी लिही, रडायचं असेल ते मागाहून. तीन गोष्टी लिहून झाल्या. चौथी अशी, की तो मी केला.

घरमालक सरकारी मोटार वर्कशॉपातून निवृत्त झालेले. उस्मानपुऱ्यातली आमची सगळी गल्ली त्यांना मिस्त्री म्हणायची. मी काका म्हणायचे. ते मला पुढारीण म्हणायचे. सकाळी मी झोळी अडकवून जिना उतरले की खालून आवाज यायचा, "काय पुढारीण, आज कुणाचा निषेध हाय?" मी कुणाचा ते सांगायचे. ते मान हलवायचे आणि म्हणायचे, "करा करा. आन् येताना कोथिंबीर आण."

त्यांच्याकडं एक छोटी पांढरी गाडी होती, पंधरा वर्षांची. आपल्या गाडीच्या डिकीत एक कात्रीसारखा जॅक पडलेला असतो. चाकाची हवा गेली की तो काढायचा, रस्त्यावर गुडघे टेकायचे, गाडीखाली सरकवायचा आणि दांडा फिरवत बसायचं. मिस्त्रींना हे मंजूर नव्हतं. त्यांनी गाडीच्या पोटालाच चार जॅक कायमचे बसवले होते, चार चाकांपाशी एकेक. चालवणाऱ्याच्या सीटजवळ जॅकमध्ये तेल सोडायचे चार कॉक आणि पायाशी एक पंप. ज्या बाजूचं चाक बसलं तिकडचा कॉक उघडायचा आणि सीटवर बसल्याबसल्या पायानं पंप मारायचा. चाळीस-पंचेचाळीस वेळा मारला की गाडीचा तेवढा कोपरा जमिनीवरून उठायचा. प्रत्येक जॅकच्या टोकाला ताटाएवढी जाड चकती. नांगराचे जुने तवे आणून त्यांनी ते ठोकून चपटे केले होते. का, तर आपल्याकडची काळी माती. पावसाळ्यात बिडकीनच्या वाटेला गाडी कडेला घ्या आणि साधा जॅक लावून बघा. गाडी जागेवर राहते, जॅक तेवढा जमिनीत जातो.

ही अक्कल आपली नाही, हे ते स्वतःच सांगायचे. पोलीस अ‍ॅक्शननंतर म्हणजे निजामाचं राज्य गेल्यावर शहागंजातल्या एका गॅरेजात ते कामाला लागले, तेव्हा तिथं एक भलीमोठी विलायती गाडी धूळ खात उभी होती. तिचा मालक गाव सोडून गेलेला. तिला कारखान्यातूनच जॅक लावून आलेले होते. एक दिवस गॅरेजच्या उस्तादांनी तिचा दांडा हलवला.

"बसलेला उंट उठतो बग, तशी उठली," ते म्हणायचे. "आन् उस्ताद उभाच. एका हातात चहाचा कप. तवापासून माझ्या डोक्यात बसलं. गाडीनं उठावं, माणसानं झोपू नाय."

त्यानंतर चाळीस वर्षं ते स्वतः मात्र गाड्यांखाली झोपले. वर्कशॉपात दुसरं काय करणार? "चाळीस वर्षं मी खालनं आभाळ बघितलं," म्हणायचे. "काळं आसतं. आन् गळतं."

म्हणूनच असेल, पण वाकण्याशी त्यांचं वैर होतं. घरातली प्रत्येक वस्तू त्यांनी वर चढवून ठेवली होती. गॅसची टाकी चौथऱ्यावर, भाकरीच्या पिठाचा डबा छातीच्या उंचीला, मोरीचा नळ इतका वर की पाय धुताना गुडघे भिजायचे. मी राहायला आले त्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी खोलीत शिरले तर माझी खाट वीतभर उंच झालेली. चारी पायांखाली लाकडी ठोकळे.

"काका, विचारायचं तरी!"

"झाडताना वाकतीस ना? मंग? विचारायचं काय त्यात?"

कुणाला पायाही पडू द्यायचे नाहीत. दिवाळीला मी वाकले तर दोन पावलं मागं सरले. "तोंडानं म्हण. मला ऐकू येतं." शर्टाच्या खिशात पेनाच्या जागी एक स्टीलची पट्टी असायची. तिनं ते काय वाटेल ते मोजायचे. एकदा गल्लीत नवा गतिरोधक झाला. महापालिकेची माणसं अजून घमेली धूत होती, तोवर मिस्त्री पट्टी घेऊन हजर. गतिरोधक अर्ध्या इंचानं जास्त होता आणि पुढचा डावा जॅक त्याला घासणार होता. त्यांनी त्या लोकांशी भांडण काढलं नाही. घरी आले आणि गाडीच्या त्या कोपऱ्याला जाड स्प्रिंग घातली. तेव्हापासून गाडी उभी असताना एका बाजूला भुवई उंचावल्यासारखी दिसायची.

समोर टॅक्सीवाले चाचा राहायचे. दर रविवारी सकाळी मिस्त्री गल्लीत गाडी उचलून बघायचे तेव्हा चाचा ओट्यावर बसून शेरे मारायचे.

"साल में दो पंचर होते, मिस्त्री. उसके वास्ते मनभर लोहा रोज लेके फिरते तुम?"

"चाचा, तुमची ढेरी भी रोज फिरती टॅक्सीत. तिचा उपयोग साल में कितने बार?"

चाचा हसून ओट्यावरून पडायचे बाकी राहायचे.

पण चाचांचं म्हणणं खोटं नव्हतं. मी चळवळीत वाढलेली बाई आहे, समोरच्याचा मुद्दा लपवायचा नाही हे मला येतं. ते जॅक बहुतेक दिवस अव्यवहार्यच होते. इतक्या लहान गाडीला ते वजन जास्त होतं, पेट्रोल जास्त लागायचं. पोट जमिनीला जवळ आलेलं. पावसात चिखल आत भरायचा. एकदा बिडकीनहून येताना मागचा एक जॅक खाली उतरला तो वर जाईचना, आणि चितेगावपर्यंत आम्ही ठिणग्या उडवत आलो. मागून मोटारसायकलवाले हॉर्न वाजवून सांगत होते, "काका, गाडी कायतरी सांडतीये!" त्या दिवशी मिस्त्री जेवले नाहीत. तीन दिवस जॅक उघडून घासत बसले आणि चौथ्या दिवशी चारी जॅकना टायरच्या ट्यूबचे बुरखे शिवून घातले.

मग हा सगळा खटाटोप कशासाठी? गल्लीला वाटायचं, म्हाताऱ्याची हौस. मलाही पहिलं वर्षभर तसंच वाटलं.

गाडी ते स्वतः क्वचितच चालवायचे. रोज ती त्यांची मुलगी चालवायची. तिला आम्ही सगळे ताई म्हणायचो. चाळिशीतल्या, एकट्या, खुलताबादच्या शाळेत शिकवायच्या. लहानपणी त्यांचा डावा हात कोपरात मोडला होता, तो हाडवैद्यानं बसवला तसाच वाकडा बसला. त्या हातानं गिअर पडायचा, खडू धरता यायचा, पण भरलेली कळशी उचलता यायची नाही. शाळा सकाळची. पहाटे निघायचं, दौलताबादचा घाट चढायचा. त्या वेळेला रस्त्यावर मदतीला कोण असतं?

एकदा मी त्यांच्यासोबत गेले. घाट संपता संपता मागचं चाक बसलं. मी दार उघडून खाली उतरले आणि हात दाखवून कुणाला थांबवता येतंय का बघायला लागले. सवयच ती. ताईंनी मला आत बोलावलं.

"अगं, कुणाला हाका मारतीस? बस जरा."

त्यांनी कॉक उघडला आणि पंप मारायला सुरुवात केली. सोबत वर्गातली हजेरी घेतल्यासारखे आकडे मोजत होत्या. गाडी उठली. मग खाली उतरून त्यांनी नटाला पाना लावला, पान्याला लांब नळी अडकवली आणि त्या नळीवर चक्क उभ्या राहिल्या. नट करकरला आणि सैल झाला. वजन माझं, हात कशाला पाहिजे, म्हणाल्या. स्टेपनी तेवढी आम्ही दोघींनी मिळून उचलली. ते पण एकटीला जमतं, फळी ठेवलीय बाबांनी, ढकलत चढवायची, असं त्यांनी मला सांगितलं. इतक्यात एक जीप थांबली. आतला माणूस म्हणाला, "मॅडम, मदत पाहिजे का?" ताई पदरानं घाम पुसत म्हणाल्या, "नको भाऊ. तुमची हवा बघा, मागचं डावं कमी आहे."

शाळेची घंटा व्हायच्या आत आम्ही पोचलो. त्या वर्गात शिरल्या तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं, ते मी नंतर कितीतरी मोर्चांतल्या बायकांच्या चेहऱ्यावर शोधलं आहे.

आता माझ्या पत्रकाकडं येते.

त्या सालात पैठण रस्त्याला कामाला जाणाऱ्या बायकांना कोंबून नेणारे टेम्पो वाढले होते. मालकांनी मागची बॉडी बेकायदा लांब केलेली, वर आणखी एक फळी टाकून मजला केलेला. असा एक टेम्पो चितेगावजवळ उलटला. मी त्या बायकांना दवाखान्यात भेटले. परत आले आणि पेटून पत्रक लिहायला बसले. टेम्पोंची तपासणी करा. वाढवलेल्या बॉड्या उतरवा. मालकांवर गुन्हे नोंदवा. जखमी बायकांना भरपाई द्या. चार मागण्या झाल्या.

आमच्यात मागण्या पाच असायच्या. असा नियम कुणी केला मला माहीत नाही, पण चार मागण्यांचं पत्रक आम्हाला लंगडं वाटायचं. पाच बोटं, मूठ, असलं काहीतरी आम्ही भाषणात म्हणायचो. मग मी पाचवी शोधायला लागले. खिडकीतून खाली अंगणात बघितलं. मिस्त्री जॅकला ग्रीस लावत होते. आणि मी लिहिलं: 'केवळ टेम्पोच नव्हे, तर खासगी मोटारींच्या पोटाखाली लोखंडी जॅक जोडण्यासारखे मनमानी बदलही तात्काळ बंद करा. बदल तो बदलच.'

शेवटचं वाक्य मला फार आवडलं होतं.

पत्रकं छापून आली तेव्हा घडी घालायला माणसं नव्हती. मिस्त्री आणि ताई आमच्यासोबत बसले, जमिनीवर नाही, अर्थातच, टेबलाभोवती. मिस्त्री स्टीलच्या पट्टीनं घडी दाबत होते, कडक, इस्त्री केल्यासारखी. पन्नासेक झाल्यावर त्यांनी एक पत्रक उघडून चष्मा लावला. सावकाश, शेवटपर्यंत वाचलं.

"पुढारीण, हे पाचवं कुणाचं गं?"

मी मान वर केली नाही. "ते जनरल आहे, काका. तत्त्व म्हणून."

"बरं," म्हणाले. पत्रक पुन्हा घडी करून गठ्ठ्यावर ठेवलं आणि पुढचं घेतलं. त्या संध्याकाळी त्यांनी दोनशे घड्या घातल्या. मी त्या वेळी एक रेघ मारली असती, शाईनं, प्रत्येक प्रतीवर, तर दोन तासांचं काम होतं.

पत्रक गाजलं. तपासणी कडक झाली, टेम्पो पकडले गेले, पासिंगच्या कचेरीत आमचं पत्रक फळ्यावर लागलं. आम्ही पेढे वाटले. आणि त्याच महिन्यात मिस्त्रींच्या गाडीला पंधरा वर्षं झाली. नोंदणी पुढं चालू ठेवायची तर गाडी मैदानात नेऊन दाखवायला पाहिजे. ताईंची शाळा होती, म्हणून त्या आदल्या संध्याकाळीच खुलताबादला मैत्रिणीकडं मुक्कामाला गेल्या. मिस्त्री म्हणाले, "पुढारीण, चल माझ्यासंग. तुझी वळख हाय तिथं."

तपासणीचे साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी वाकून बघितलं आणि चक्रावले. मिस्त्रींनी त्यांना सीटवर बसवलं, कॉक दाखवला, पंप मारायला लावला. गाडी उठली. मैदानातल्या ड्रायव्हरांनी शिट्ट्या मारल्या. साहेब उतरले, चकतीवर बुटानं दाबून बघितलं, म्हणाले, "आजोबा, काम एक नंबर आहे. पण कागदावर हे नाही. मी वर विचारून बघतो. आठ दिवस द्या मला."

आठ दिवस. तेवढ्यात तिथला कारकून म्हणाला, "साहेब, विचारायचं काय? आपल्या फळ्यावरच लिहिलंय. आन् लिहिणाऱ्या बाई ह्याच."

आमच्यामागं रांगेत तीन टेम्पोमालक उभे होते. त्यांच्या बॉड्या आदल्याच आठवड्यात उतरवायला लावलेल्या. त्यांतला एक पुढं आला.

"बोला की मॅडम आता. आमच्या बॉड्या कापायच्या आन् मिस्त्रीला सूट? घरमालक हाय म्हून?"

साहेब माझ्याकडं बघायला लागले. मिस्त्री बघत नव्हते. ते कॉक बंद करत होते, गाडी हळू खाली येत होती. मला उत्तर येत होतं. टेम्पोतला बदल बायकांना मारत होता आणि हा बदल एका बाईला शाळेत पोचवत होता. दोन्ही एका ओळीत मी बसवले, चूक माझी, पाचवी मागणी मी मागं घेते. एवढं म्हणायचं होतं. पण ते तिघं ऐकत होते. आणि मला वाटलं, इथं मी हलले तर सगळं पत्रक हलेल.

"कायदा सगळ्यांना सारखा," मी म्हणाले. पावणेअकरा वाजले होते.

साहेबांनी कागदावर शेरा मारला: बदल काढून गाडी पुन्हा आणावी. मिस्त्री टेम्पोवाल्यांकडं वळून म्हणाले, "बराबर हाय तिचं. माझं काय आन् तुमचं काय."

मैदानाच्या फाटकाबाहेर गॅस कटरवाला बसायचा. मिस्त्रींनी गाडी तिथं लावली. दगडांवर टेकवली. कटरवाला गाडीखाली जायला निघाला तर त्याला थांबवलं. "तुला ठावं नाय कुठं कापायचं. टाकीला लागंल." आणि पंच्याहत्तरी ओलांडलेला तो माणूस माझ्यादेखत मातीत आडवा झाला, पाठीवर सरकत गाडीखाली गेला. बाहेर फक्त चपला दिसत होत्या. मी म्हणाले, "काका, राहू द्या, मी बोलते साहेबांशी." आतून आवाज आला, "पुढारीण, ठिणग्या उडत्यात. मागं सर."

त्यांनी ताईंना बाजारातला सगळ्यात चांगला जॅक आणून दिला. अंगणात रोज संध्याकाळी सराव चालायचा. ताई गुडघ्यावर बसायच्या, उजव्या हातानं दांडा फिरवायच्या, तो जड झाला की डावा हात लावायला जायच्या आणि ओठ दाबायच्या. गाडी कधी दोन बोटं उचलली जायची, कधी तीन. चाक सुटण्याइतकी एकदाही नाही. चाचा ओट्यावरून बघायचे. त्या दिवसांत त्यांनी एकही शेरा मारला नाही.

मी काय केलं? जे मला येतं ते. जॅक परत बसवायच्या परवानगीसाठी अर्ज लिहिले. कचेरीनं सांगितलं, गाडी बनवणाऱ्या कारखान्याचा दाखला आणा. कारखान्याला तीन पत्रं लिहिली, उत्तर आलं नाही. चौथं लिहीत होते तेव्हा मिस्त्री दारात येऊन उभे राहिले. "आता ऱ्हाऊ दे गं. कागद लई झाले." मी त्यांना सांगणार होते, की पाचवी मागणी मी नुसती आकडा भरायला लिहिली होती. तोंडाशी आलं होतं. ते माझ्या खाटेकडं बघत म्हणाले, "एक ठोकळा सरकलाय," आणि तो नीट बसवून खाली गेले.

दोनदा वाटेत हवा गेली, दोनदा ताईंना परक्या माणसांची वाट बघत घाटात उभं राहावं लागलं, दोनदा वर्ग बिनशिक्षकाचा राहिला. मुख्याध्यापकांनी लेखी विचारणा केली. जूनमध्ये ताईंनी खुलताबादलाच खोली घेतली. गाडी अंगणात राहिली. मिस्त्री दर रविवारी ती पुसायचे, उचलायचं काही नव्हतंच. शनिवारी दुपारी ताई यायच्या, दोन वेळचं रांधून ठेवायच्या, रविवारी संध्याकाळी परत. पुढच्या हिवाळ्यात मिस्त्री गेले. बुधवार होता. चाचांनी शाळेत फोन केला. ताई जीप बदलत बदलत आल्या तोवर दुपार झाली होती. मी दारात उभी होते. त्या मला म्हणाल्या, "शेवटी काही बोलले का गं?" मला खोटं सांगता आलं असतं. ते काही बोलले नव्हते. त्यांच्याजवळ कुणी नव्हतंच. सकाळी आठला मी एका बैठकीला निघून गेले होते.

ताई माझ्यावर कधी रागावल्या नाहीत. अजून फोन करतात. मी काय लिहिलं होतं आणि मैदानात काय बोलले, हे सगळं त्यांना माहीत आहे. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

प्रत्येक गाडीला चार जॅक जोडा असं मी म्हणत नाही. ते जड आहेत, महाग आहेत, चिखलानं अडतात, आणि तुम्ही धडधाकट असाल तर तुम्हाला त्यांची गरज नाही. पण गाडी धडधाकट माणसंच चालवतात हे कुणी ठरवलं? तुमच्या घरात बायको चालवते, साठीची आई चालवते, हात दुखणारा भाऊ चालवतो. म्हणून हे वाचून झाल्यावर उठा. डिकी उघडा, तो कात्रीचा जॅक बाहेर काढा आणि घरातलं सगळ्यात कमी ताकदीचं जे माणूस ती गाडी चालवतं त्याच्या हातात द्या. चाक उचलायला सांगा. हसू नका, सल्ला देऊ नका, हात लावू नका. उभे राहा आणि बघा. उचललं तर चांगलंच. नाही उचललं, तर ज्यानं तुम्हाला गाडी विकली त्याच्या दुकानात जा आणि लेखी उत्तर मागा, की ही गाडी तुम्ही कुणासाठी बनवलीत. उत्तर हातात पडल्याशिवाय तिथून हलू नका.